पाय धुऊन जावा

कुणाच्याही दारात गेलं की सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी चपलांकडे. दाराबाहेर काढलेली चप्पल उचलायची, उलटी करायची, तळावरून अंगठा फिरवायचा आणि परत ठेवताना तिची पुढची बाजू रस्त्याकडे करून ठेवायची, म्हणजे निघताना पाय घालायला सोपं. "हिची टाच तशीच हाय, पुढचंच घासालंय," असं पुटपुटत त्या आत शिरल्या की समजायचं, या घरात कुणाचं तरी पाऊल बिघडत चाललंय. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या पायताणाला हात लावतं का कुणी? पहिल्या दिवशी मीही नाक मुरडलं होतं. पुढे अकरा वर्षं मी त्यांच्यामागून पिशवी घेऊन हिंडले. एवढ्या वर्षांत एकाच दारातल्या चपला त्यांच्याशी खोटं बोलल्या, आणि ते सांगायलाच हे लिहायला बसलेय.

बेळगावच्या एका मिशन दवाखान्यात आम्ही दोघी कामाला. त्या नर्स, मी फील्डवर्कर. काम कुष्ठरोगाचं. औषध घेतलं की हा रोग बरा होतो, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण रोग बरा होताना कधीकधी नसा सुजतात, आणि तेव्हा वेळेवर गोळ्या पडल्या नाहीत तर हाताची बोटं वाकडी होतात, नाहीतर पाऊल लोंबतं. ते एकदा कायमचं लोंबलं की परत उचलत नाही. म्हणून आम्ही गावोगाव जायचो आणि लोकांचे हातपाय बघायचो. तुमच्या दारातसुद्धा आलो असू, तुम्हाला आठवत नसेल.

सिस्टर मिझोरामच्या. मिझोराम आपल्याच देशात आहे हे शाळेत शिकले होते, पण खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना तो परदेशच वाटायचा. त्यांनाही वेगळं वाटत नसावं. त्यांच्या गावच्या मंडळींनी त्यांना परमुलखात सेवेला पाठवलंय, असंच त्या म्हणायच्या. घरी पोचायला चार दिवस लागायचे. नाकडोळे तसे असल्यामुळे बाजारात दुकानदार आधी इंग्रजी काढायचे, ते संपलं की हिंदी. शहापुरात साडीच्या दुकानात मालकानं विचारलं, "नेपाल से?" सिस्टर म्हणाल्या, "न्हाय ओ, दवाखान्यातनं आलोय. ती निळी तेवढी दावा की, लई येळ झालाय." मालक निळी सोडून दुकानातल्या सगळ्या रंगांच्या साड्या काढत बसला. त्यांचं मराठी पेशंटांनी शिकवलेलं होतं, त्यामुळे ते माझ्याहून गावठी होतं.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी जेवायला बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं, की हाताची मूठ मिटून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "माझी मूठ निघालीया." पाणी घ्यायच्या, बाकी काही नाही. एक दुपार सोडली तर पेशंटाच्या घरी अकरा वर्षांत त्यांनी तोंडात दाणा टाकला नाही.

आमच्या कंग्राळीच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा यावरून रामायण झालं. माझ्या सासूबाईंनी सकाळपासून खपून मांडे केले होते. सिस्टरांनी मूठ दाखवली. सासूबाई ताट तसंच घेऊन उभ्या. "का ओ? आमच्या घरचं चालत न्हाय व्हय?" त्या आवाजाला आमच्या घरातले बापये घाबरतात. सिस्टर घाबरल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना खाली बसवलं आणि सांगितलं. त्यांच्या डोंगरातल्या प्रत्येक घरात भात शिजवायला घेताना बाई आधी एक मूठ तांदूळ बाजूला काढते. दोन्ही वेळचा. गरिबातल्या गरीब घरातही. तो तांदूळ त्यांच्या चर्चमध्ये जमा होतो, विकला जातो आणि त्या पैशावर दूर सेवेला गेलेल्या माणसांचं पोट चालतं. "माझ्यासाठी कुणीतरी आज आपल्या पातेल्यातनं काढून ठेवलंय, आक्का. परत तुमच्यातलं कसं खाऊ? एका माणसाला दोन मुठी व्हत्यात." सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तू पेशंटाकडं खाऊ नको. मी काय पेशंट न्हाय." आणि त्यांनी मांडा मोडून सिस्टरांच्या तोंडातच घातला. आमच्या घरापुरता नियम मोडला.

आता माझ्याबद्दल. मी तोंडाची फटकळ आहे आणि माझा डावा गुडघा दुखतो. दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या नाहीत, पण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

आमच्या जीपच्या दोन्ही बाजूंना दवाखान्याचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं. आजूबाजूच्या तालुक्यांत ते नाव म्हणजे कोणता रोग, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून सिस्टरांचा शिरस्ता असा, की जीप बसस्टॉपवर थांबवायची आणि पेशंटाच्या घरी चालत जायचं. उन्हात, चिखलात, कसंही. फाईल कापडी पिशवीत, वर दोन मेथीच्या जुड्या. कुणी विचारलं तर पाव्हण्याकडं आलोय.

निपाणीजवळच्या एका गावात एक बाई होती. तिशी-बत्तिशीची, घरी विड्या वळायची. नवरा कागलला कारखान्यात, रात्री उशिरा यायचा. दोन मुली. तिच्या उजव्या पायाची नस सुजलेली म्हणून तिला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मग गोळ्या देऊन घरी पाठवलं, दर पंधरवड्याला येऊन दाखवायचं या बोलीवर. एका पंधरवड्याला ती आली नाही. सिस्टर रजेवर होत्या. मी एकटीच गेले, जानेवारीतली दुपार, आणि माझा गुडघा असा ठणकत होता की ड्रायव्हरला म्हटलं, "घे रं दारापर्यंत."

तेवढंच. जीप तिच्या दारात पाच मिनिटं उभी होती. आणि मी जाता जाता जरा मोठ्यानेच तिला सुनावलं, की गोळ्या चुकवशील तर पायाला मुकशील. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी आपल्या घागरी तिच्या घागरीपासून लांब घेतल्या. हे तिनं सिस्टरांना फोनवर सांगितलं. आणखी म्हणाली, "ती जीपवाली बाई परत आली तर मी घरात नसणार." पुढे दोनेक महिने ती गुपचूप एसटीनं येऊन गोळ्या घेऊन गेली, आणि मग तेही बंद झालं. फोनही लागेना.

सिस्टर मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची फाईल त्या रोज सकाळी वर काढून ठेवायच्या आणि संध्याकाळी परत कपाटात. गोळ्या संपून अठरा दिवस झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या तर पाऊल वाचेल, नाहीतर मी काही सांगू शकत नाही.

म्हणून आम्ही निघालो. एप्रिल महिना, टळटळीत दुपार. काळही बरा नव्हता. दुसऱ्या एका गावात आमच्यासारख्याच बायकांना लोकांनी घेरून तास-दीड तास बसवून ठेवलं होतं. मिशनचे लोक पोरांना खाऊ देऊन नादाला लावतात, अशी हवा झाली होती. दवाखान्याच्या कचेरीनं आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. घरात मोठं माणूस नसेल तर उंबरा ओलांडायचा नाही. आणि कुणाला काही खायला द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही. सिस्टरांनी अकरा वर्षांत एकदाही कुणाला देवाधर्माचं विचारलं नव्हतं, मलासुद्धा नाही. पण हे त्यांच्या तोंडाकडे बघून कुणाला कळणार?

जीप बसस्टॉपवर ठेवली. मी लंगडत, त्या छत्री धरून. मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर चारपाच बापये बसले होते. एकानं हटकलं, "कुठल्या ओ बाई? काय वाटाय आलाय?"

"पाव्हण्याकडं आलोय, आण्णा," सिस्टर म्हणाल्या.

"तुमचं पाव्हणं? हितं?" तो हसला, पण खिशातून मोबाईल काढला आणि आमच्याकडे धरला. सिस्टर छत्री जरा बाजूला करून सरळ चालत राहिल्या.

घराचं दार अर्धं उघडं. दारात मोठी मुलगी, अकरा वर्षांची असेल, श्रावणी. तिच्या मागे धाकटी आरू, पाच-सहा वर्षांची. सिस्टरांनी सवयीनं खाली बघितलं. दाराशी पोरींच्या दोन जोड्या, रबरी, छोट्या. तिसरी जोडी नव्हती.

"आई हाय काय गं?"

"न्हाय." श्रावणी माझ्याकडे बघत होती. तिनं मला ओळखलं होतं. "रानात गेलीया."

"कधी येणार?"

"ठाव न्हाय."

मी सिस्टरांचा पदर ओढला. घरात मोठं माणूस नाही, कट्ट्यावरचा तो मोबाईलवाला वाटेवर येऊन उभा राहिलाय, आणि चपलांनीही सांगितलंच की बाई घरात नाही. "चला," मी हळूच म्हटलं. सिस्टर क्षणभर थांबल्या आणि वळल्या.

"थांबा की ओ!"

श्रावणी एवढ्या जोरात ओरडली की ती स्वतःच दचकली. मग आवाज खाली आणून मोठ्या बाईसारखं म्हणाली, "उन्हातनं आलायसा. पाय धुऊन जावा."

आमच्याकडे आल्यागेल्याला पायावर पाणी द्यायची रीत आहे. तांब्या पुढे ठेवतात, पाव्हणा आपले पाय आपण धुतो. पण ही पोर आतून तांब्या नाही, घमेलं घेऊन आली. पाण्यानं भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी धरून, सांडत. ते पायरीवर ठेवलं. "उंबऱ्यावर बसा. आत नको," ती म्हणाली. सिस्टर बसल्या. श्रावणीनं त्यांचे दोन्ही पाय घमेल्यात ठेवले आणि खाली बसून राहिली. नुसती बसून.

मी म्हटलं, "अगं झालं की, भिजले पाय."

"न्हाय. जरा मुरू द्या," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकलं आणि सिस्टरांची मान वर झाली. कारण ते वाक्य सिस्टरांचं होतं. दवाखान्यात पेशंटांना त्या रोज हेच शिकवतात, पाय पाण्यात मुरू द्या, मग पुसून तेल लावा.

पोरीनं एक पाय उचलून मांडीवर घेतला. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून बघितल्या. तळव्याच्या कडेनं अंगठा फिरवला. मग केरसुणीची एक काडी मोडून आणली. "डोळं मिटा. कुठं टोचलं सांगा." सिस्टरांनी डोळे मिटले. पोर काडी टेकवत गेली, सिस्टर बोट ठेवून दाखवत गेल्या. मग तिनं गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, नेमक्या त्या नसेवर बोट दाबलं. "हितं झिणझिण्या येत्यात?"

"न्हाय गं."

"आता पाऊल वर उचला. बोटं आपल्याकडं."

सिस्टरांनी पाऊल उचललं. श्रावणी त्या उचललेल्या पावलाकडे बघत राहिली. तिचा चेहरा वाकडा झाला, पण ती रडली नाही. हळूच म्हणाली, "तुमचं वर येतंय."

मी इतकी वर्षं या कामात आहे. आमच्या नव्या पोरींना महिनाभर शिकवलं तरी ती नस बोटाखाली सापडत नाही. या पोरीला ती सापडली होती, म्हणजे ती रोज दाबत होती. कुणाची, ते सांगायला नको.

"आणि कुणाचं वर येत न्हाय?" मी विचारलंच. माझं तोंड असं.

श्रावणीनं ओठ गच्च मिटले. आरू मध्येच म्हणाली, "आक्काला शप्पथ हाय. आईची. सांगितलं तर आई मरंल."

श्रावणीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. आपल्याकडे आया सहज बोलून जातात, माझी शपथ हाय, सांगशील तर माझं मेलं तोंड बघशील. पोरांना ते खरं वाटतं. ही पोर अठरा दिवस एका बाजूला शपथ आणि दुसऱ्या बाजूला आईचं लोंबणारं पाऊल घेऊन जगत होती. तोंडानं सांगायची बंदी म्हणून तिनं हातांनी सांगितलं. मला असं काही उभ्या जन्मात सुचलं नसतं.

सिस्टरांनी तिला एक अक्षर विचारलं नाही. पाय घमेल्यातून काढले, पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "लई भूक लागलीया गं. काय हाय घरात?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वाटेवर तो मोबाईलवाला, कचेरीची ताकीद, आणि या बाईला भूक लागली!

पोरींची मात्र धांदल उडाली. आत डबे वाजले. श्रावणीनं परातीत चिरमुरे ओतले, तिखट, मीठ, वर तेलाची धार, कांदा तोडूनच टाकला, कारण विळी उंच फळीवर होती. आरूनं शेंगांचा डबा आणून आपल्या मुठीनं शेंगदाणे घातले, निम्मे जमिनीवर. सिस्टरांपुढे ताटली आली, माझ्यापुढे आली. आणि आम्हाला वाढण्याआधी श्रावणीनं एक मूठ बाजूला काढली होती. एका वाटीत, वर झाकण.

सिस्टर त्या वाटीकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी ताटलीतले चिरमुरे उचलले आणि खाल्ले. सावकाश, एकेक घास, सगळे.

आरू वाटी घेऊन मागच्या दारानं परसात गेली. तिथं गवताची खोप होती, शेणी-गोवऱ्या ठेवायची. परत आली ती रिकाम्या हातानं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांनंतर मला त्यांचं बघणं कळत होतं. हे कुलूप मी घातलं होतं, मीच काढायचं होतं. मी उंबऱ्याबाहेरूनच, मागच्या दाराकडे तोंड करून बोलले. शेजारीपाजारी ऐकत असतील म्हणून सगळं सांगता येईना. "बाई, चूक माझी झाली. त्या दिवशी मी गाडी दारात आणायला नको होती. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी तुझा विचार केला न्हाय. आज चालत आलोय. तुला पाहिजे ते बोल मला."

परसातून कुणी आलं नाही.

तेवढ्यात वाटेवरून पावलं वाजली. तिघं आले होते. मोबाईल पुढे धरलेला. "काय चाललंय ओ? घरात मोठं माणूस न्हाय आणि तुम्ही पोरास्नी काय खायला घालालाय?"

आरूचे गाल चिरमुऱ्यांनी फुगलेले. ताटल्या पुढ्यात. आता काय सांगणार? सिस्टर उठून उभ्या राहिल्या, अनवाणी, ओल्या पायांनी.

श्रावणी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "त्यांनी न्हाय! आम्ही त्यास्नी घालालोय! परात आमची हाय, चिरमुरं आमचं हायत!"

तो माणूस ताटलीकडे बघायला लागला. "तुम्ही घालालाय? कशाला?"

"उन्हातनं आल्यात म्हणून," श्रावणी म्हणाली. मागच्या दोघांपैकी एकाला हसू फुटलं. पण मोबाईल खाली झाला नाही. "आई कुठाय तुझी? आधी तिला बोलीव. न्हायतर ह्यांना देवळापाशी घेऊन चला."

श्रावणी बोलली तर शपथ, न बोलली तर आम्ही देवळापाशी. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि आतून आवाज आला. फट. मग थोडं थांबून, फट. आमच्या कामातल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. लोंबतं पाऊल जमिनीवर आपटतं, त्याचा.

ती बाई मागच्या दारानं घरातून चालत उंबऱ्यापर्यंत आली. अंगावर गवताच्या काड्या, काखेत लपवलेल्या चपला, हातात रिकामी वाटी. भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या पाव्हण्या हायत. पाय दाखवाय मीच बोलीवलंय. पोरींनी पाणी दिलं तर काय चुकलं?"

तिनं लपवलेलं सगळं आता त्या तिघांसमोर उभं होतं. मोबाईलवाल्यानं तिच्या पायाकडे बघितलं, मोबाईल खिशात घातला. "आम्हाला काय ठाव, वहिनी," असं काहीतरी बोलून ते गेले.

सिस्टरांनी तिला आत नेऊन बसवलं. आता मोठं माणूस होतं घरात, मीही उंबरा ओलांडला. पाऊल पडलं होतं, पण अंगठ्यात अजून थोडी हालचाल होती. "हाय, हाय, अजून हाय," सिस्टर म्हणाल्या. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं ठरलं, पोरी चुलत सासूकडे राहतील. मी जीप आणायला निघाले आणि थांबले.

"गाडी दारात आणू का?" मी तिला विचारलं. जानेवारीतही एवढंच विचारायचं होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "देवळापतूर आणा. तितवर मी येते चालत."

निघताना श्रावणी सिस्टरांच्या मागे मागे आली. त्यांचा पदर धरून अगदी कानाशी म्हणाली, "मी सांगितलं न्हाय न्हवं? आई मरणार न्हाय न्हवं?"

"तू कुठं काय सांगितलंस?" सिस्टर म्हणाल्या. "तू पाय धुतलास माझा."

जीपमध्ये मी त्यांना चिडवलं. "काय ओ, आज दोन मुठी झाल्या की." त्यांनी मूठ उघडली. तळहाताला तिखट लागलेलं होतं. "एकच झाली. तिकडची काय, हितली काय," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तो पाय सुधारायला वर्ष लागणार होतं. गोळ्या, व्यायाम, चपलेला स्प्रिंगचा पट्टा. ते वर्ष सिस्टरांना पुरं करता आलं नाही. श्रावणात त्यांना घरून फोन आला, आई अंथरुणाला खिळली, आता परत या. त्यांनी दोन पिशव्या भरल्या. स्टेशनवर माझ्या सासूबाईंनी त्यांना मांड्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "मूठबीठ काय सांगू नको." सिस्टरांनी डबा घेतला. गाडी हलली तेव्हा मी रडले, मोठ्यानं रडले, लोक बघत होते. त्यांच्या गावात फोन लागतो तेव्हा लागतो. बहुतेक वेळा लागत नाही.

गेल्या महिन्यात ती निपाणीकडची बाई शेवटच्या तपासणीला आली. सोबत श्रावणी, आता चांगली उंच झालेली. बाई आत डॉक्टरांकडे गेली. व्हरांड्यात तिच्या चपला होत्या, साध्या, बाजारातल्या, बिनपट्ट्याच्या. वर्षभर वापरलेल्या. मी इकडेतिकडे बघितलं आणि खाली बसले, गुडघा धरून. उजवी उचलली, उलटी केली, अंगठा फिरवला. मग डावी. मग परत उजवी. दोन्ही टाचा सारख्या झिजल्या होत्या. पुढचं कुठंही घासलं नव्हतं.

"सिस्टर," मी वळून हाक मारली. खरंच मारली. मागे रिकामा बाक होता.

श्रावणी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातात माझी चप्पल होती, उलटी. "तुमची डावी बाजू लई झिजलीया ओ आक्का," ती म्हणाली. "गुडघा अजून दुखतोय?"

"दुखतोय."

तिनं माझ्या चपला खाली ठेवल्या. मग तिच्या आईच्या. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे करून.